रिकाम्या खिशाचा पाहुणा

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट वस्तुसंग्रहालयातील वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दर्शनासाठी आली, तेव्हा ती अफझलखानवधाच्या वेळचीच की नव्हेत, यावर बराच वाद झाला. तो वाद इतिहाससंशोधकांचा आहे आणि त्यांनीच तो कागदपत्रांच्या आधारे मिटवावयाचा आहे. परंतु त्या निमित्ताने एक गोष्ट पुन्हा एकदा दिसून आली. इतिहासाची एखादी खूण डोळ्यांनी पाहता येईल असे कळले, की सामान्य माणूस हातचे काम बाजूला ठेवून, पदरमोड करून येतो. त्याला बोलावण्यासाठी मोठ्या जाहिरातीची गरज लागत नाही.

या माणसाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. पर्यटनाची चर्चा निघाली म्हणजे किती कोटींची गुंतवणूक होणार, किती तारांकित हॉटेले उभी राहणार, किती खोल्या वाढणार, याच मापांनी ती मोजली जाते. एसटीच्या गाडीतून उतरणारा, पिशवीत भाकरी-चटणी बांधून आणलेला आणि रात्रीच्या गाडीने परत जाणारा प्रवासी या हिशेबात कोठेच बसत नाही. त्याच्याजवळ खर्चावयास पैसा नाही, म्हणून तो पर्यटकच नव्हे, अशी एक समजूत हळूहळू रूढ होत चालली आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांकडे नीट पाहिले म्हणजे ही समजूत किती उथळ आहे, हे ध्यानात येते. या भूमीतील जे जे पाहण्यासारखे आणि ऐकण्यासारखे आहे, त्यातील बहुतेक अद्यापि विनामूल्य किंवा नाममात्र खर्चात लाभणारे आहे. प्रश्न आहे तो ते तसेच राहणार की नाही, आणि ज्यांच्यासाठी ते आहे त्यांना तेथवर पोहोचता येणार की नाही, एवढाच.

साताऱ्याची श्रीमंती

साताऱ्यास उतरणाऱ्या प्रवाशाला पहिले दर्शन घडते ते अजिंक्यताऱ्याचे. शिलाहार भोजाच्या काळापासूनचा हा किल्ला. औरंगजेबाने डिसेंबर १६९९ मध्ये त्याला वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी तो चार महिने झुंजविला, आणि एप्रिल १७०० मध्ये तो मोगलांच्या हाती गेला. पुढे याच साताऱ्यात जानेवारी १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि मराठ्यांच्या राज्याची राजधानी येथे आली. १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करण्यात आले. त्यांच्या न्यायासाठी रंगो बापूजींनी वर्षानुवर्षे लंडनमध्ये ठाण मांडले. अखेर १८४८ मध्ये डलहौसीने हे राज्य खालसा केले. दीडशे वर्षांचा हा सारा पट तासाभराची चढण चढून वर गेलेल्या माणसाच्या पायाखाली पसरलेला असतो. समोर यवतेश्वराचा डोंगर, पलीकडे सज्जनगड, दुसऱ्या अंगाला जरंडा. एवढे पाहण्यासाठी चांगल्या पायांखेरीज दुसरे भांडवल लागत नाही.

शहरापासून जवळच कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर माहुली आहे. अठराव्या शतकात पंतप्रतिनिधींनी येथे देवालये आणि घाट बांधले. न्यायमूर्ती रामशास्त्री प्रभुणे येथलेच. लिंब गावची बारा मोटांची विहीर वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात बांधली. आमराईला पाणी मिळावे म्हणून खोदलेली ही विहीर अशी देखणी आहे, की तिच्या पोटातील महालात उभे राहिले म्हणजे उन्हाळ्याचा विसर पडतो. पलीकडे वाईस ढोल्या गणपती आणि कृष्णेचे घाट आहेत. मेणवलीस नाना फडणवीसांचा वाडा आणि वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा आहे. सज्जनगडावर समर्थांची समाधी आहे आणि आलेल्या भाविकाच्या मुखी प्रसाद पडावा, ही परंपरा तेथे अजून टिकून आहे.

औंधचे उदाहरण याहूनही बोलके आहे. एका लहानशा संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये आपला चित्रसंग्रह लोकांसाठी खुला केला. राजा रविवर्म्याची चित्रे आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता व मूल हे पाषाणशिल्प माणदेशाच्या उंबरठ्यावरील एका खेड्यात पाहावयास मिळते, यावर परक्यांचा चटकन विश्वास बसत नाही. ज्या वस्तू मुंबईच्या किंवा युरोपच्या दालनांत शोभल्या असत्या, त्या या राजाने यमाईच्या डोंगरावर ठेवल्या. तेथे येणारा प्रेक्षक शेतकरी असणार, हे त्याला ठाऊक होते. त्यानेच पुढे १९३९ मध्ये आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना दिली. प्रजेला सत्ता देणाऱ्याने प्रजेला सौंदर्यही द्यावे, यात नवल ते काय?

आणि केवळ राजेरजवाड्यांच्या खुणा म्हणजेच इतिहास असे थोडेच आहे? १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधी तेथे आले होते. ज्या काळी पंक्ती वेगळ्या मांडल्या जात, त्या काळी ही मुले एका पंक्तीला जेवत होती. कर्मवीरांच्या समाधीपुढे उभे राहण्यास तिकीट नाही. परंतु गरिबाच्या पोराला तेथे जे समजते, ते एखाद्या महालाच्या दिवाणखान्यात समजेलच असे नाही.

नाटकाचे तिकीट कधी आले?

सांगलीकडे वळले की दगडमातीपेक्षा सुरांचा आणि शब्दांचा वारसा अधिक भेटतो. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ हा खेळ सांगलीत केला, आणि तो दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होऊ लागला. या घटनेतील एक तपशील आजच्या चर्चेच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. भावे यांच्या पाठीशी सांगलीचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन होते. खेळाचा भार दरबारने उचललेला होता. १८५१ मध्ये अप्पासाहेब निवर्तले, दरबारचा आश्रय तुटला, आणि भावे यांना आपली मंडळी घेऊन मुलूखभर हिंडावे लागले. १८५३ मध्ये मुंबईत त्यांचे खेळ तिकिटे लावून झाले. म्हणजे मराठी नाटक जन्मले ते तिकिटाशिवाय. तिकीट आले ते आश्रयदाता गेल्यानंतर.

या घटनेचा अर्थ पुरतेपणी समजून घेतला पाहिजे. जगात फुकट असे काहीच नसते. जे आज फुकट दिसते, त्याचे मोल पूर्वी कोणी तरी मोजलेले असते. माहुलीच्या घाटाचे मोल पंतप्रतिनिधींनी मोजले, लिंबच्या विहिरीचे वीरूबाईंनी, सांगलीच्या गणपती मंदिराचे पटवर्धनांनी, औंधच्या चित्रांचे भवानरावांनी. संस्थाने विलीन झाली तेव्हा हे सारे लोकांच्या राज्याकडे आले. खजिना जसा लोकांच्या राज्याकडे आला, तसे आश्रयदात्याचे कर्तव्यही त्याच्याकडे आले. खजिना घ्यावा आणि कर्तव्य मात्र तिकीटखिडकीवर सोपवावे, हा व्यवहार न्यायाचा नव्हे.

सांगलीहून पायी जाण्याच्या अंतरावर कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. गोविंद बल्लाळ देवलांचे हे गाव. पैशासाठी कोवळ्या मुलीचे म्हाताऱ्याशी लग्न लावणाऱ्या समाजाला ज्या ‘संगीत शारदा’ने १८९९ मध्ये आरसा दाखविला, त्या नाटकाचा कर्ता या मातीतला. हळद साठविण्याची जमिनीतील पेवे हीही हरिपूरची ख्याती होती. २००५ च्या महापुराने त्यांची वाताहत केली. नाटककार खाडिलकरांचा जन्म सांगलीचाच. तासगावला ऋषिपंचमीच्या दिवशी गणपतीचा रथ निघतो, तेव्हा त्याचे दोर ओढणाऱ्या हजारो हातांना कोणी उत्पन्नाचा दाखला विचारत नाही.

मिरजेची गोष्ट तर आणखी निराळी. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ उत्तरेतील किराण्याहून आले आणि मिरजेचे झाले. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि त्यांना मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात विसावा मिळाला. दरवर्षी उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ तेथे संगीतसभा होते. मोठमोठे गवई तेथे हजेरी लावणे हा आपला मान समजतात. मैफलीचे तिकीट ज्यांना जन्मात परवडणार नाही, असे हमाल, शेतमजूर आणि विद्यार्थी तेथे जमिनीवर बसून तेच गाणे ऐकतात. या उरुसात पहिल्या गलेफाचा मान चर्मकार समाजाचा आहे, हेही विसरता कामा नये. संस्कृती सर्वांची असते हे व्याख्यानात सांगावे लागते. मिरजेत ते वर्षातून एकदा प्रत्यक्ष घडते.

त्याच दर्ग्याच्या आसपास तंबोरे घडविणाऱ्यांची घरे आहेत. शस्त्रांना धार लावणारे शिकलगार हत्यारांचा काळ सरल्यावर एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले. फरीदसाहेबांपासून सुरू झालेली ती परंपरा आज देशभरातील गवयांच्या मागे उभी आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. वाळलेल्या भोपळ्यातून सूर कसा जन्मतो, जवारी कशी लावतात, हे पाहणे म्हणजे एका शाळेत बसण्यासारखे आहे. हात मात्र त्यांचे रोजगाराचे आहेत, आणि प्रत्येक बघ्यासाठी त्यांनी काम थांबवावे अशी अपेक्षा करणे रास्त नव्हे. हे पाहण्याची सोय नगरसंस्थेने करून द्यावयास हवी.

खरी अडचण कोणती?

येथवरचे वर्णन वाचून कोणी म्हणेल, की सर्व काही इतके स्वस्त आणि सुलभ आहे, तर मग तक्रार कशाची? तक्रार आहे ती सोयींची. हलक्या खिशाच्या प्रवाशाला पाहण्याच्या स्थळी पैसे पडत नाहीत. त्याला पैसे पडतात ते दोन स्थळांच्या मधल्या वाटेत. आडवळणाच्या गावाहून परतीची गाडी चुकली, तर रिक्षाचे भाडे त्याची दिवसाची मजुरी खाऊन टाकते. मुक्कामाची स्वस्त आणि स्वच्छ जागा नसली, तर दोन दिवसांत पाहावयाचे ते एका दिवसात धावतपळत उरकावे लागते. जेथे स्त्रियांसाठी नीट स्वच्छतागृह नाही, तेथे घरातील बायकामुली जाण्याचेच टाळतात. मग ते स्थळ कागदोपत्री कितीही मोफत असो, निम्म्या समाजाला ते बंदच म्हणावे लागेल.

वेळेचाही असाच घोळ आहे. सरकारी वस्तुसंग्रहालये सामान्यतः कचेरीच्या वेळात उघडतात आणि कचेरीबरोबर मिटतात. रोजंदारीच्या माणसाने ती पाहावयाची केव्हा? ज्या संग्रहालयातून वाघनखे आली, त्याचीच कथा येथे सांगण्याजोगी आहे. दक्षिण केन्सिंग्टन येथे १८५७ मध्ये ते सुरू झाले, तेव्हा त्याच्या चालकांनी दालनांत गॅसचे दिवे लावून ते संध्याकाळी उघडे ठेवले. दिवसभर राबणाऱ्या कामगाराला संध्याकाळीच सवड असते, हे त्यांनी ओळखले होते. शेजारी खाण्यापिण्याची सोयही केली. २००१ पासून तेथे सर्वसाधारण प्रवेशाला शुल्क नाही. ज्यांनी आपल्या देशावर राज्य केले, त्यांच्या दोषांचा पाढा वाचणे अवघड नाही. परंतु त्यांचा हा गुण उचलण्यास कोणती आडकाठी आहे?

एसटीने या बाबतीत आपल्या परीने वाट मोकळी केली आहे, हे मान्य केले पाहिजे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य प्रवास आणि स्त्रियांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे, या दोन सवलतींनी अनेक म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि कष्टकरी बायकांना आयुष्यात प्रथमच केवळ पाहण्यासाठी घराबाहेर पडता आले असेल. ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पासही उपयुक्त आहे. परंतु सवलत तिकिटावर मिळते आणि गाडी मात्र वेळेवर मिळत नाही, अशी अवस्था असेल, तर त्या सवलतीचे मोल अर्धेच राहते.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

या विचारावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत राहत नाही. लोक घाण करतात, भिंतींवर नावे कोरतात. यात तथ्य आहे. कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आले. तेथे फुलांच्या हंगामात प्रवेशशुल्क आणि रोजच्या संख्येची मर्यादा घालावी लागली. ती योग्यच आहे. जे पायदळी तुडविले गेल्याने नष्ट होते, तेथे मर्यादा हवीच. पण मर्यादा संख्येची असावी, पैशाची नव्हे. शुल्क चढवीत नेऊन गर्दी कमी केली, तर फुले वाचतात हे खरे. पण ती कोणासाठी वाचली, हा प्रश्न उरतोच. शिवाय गडावर पडलेल्या बाटल्या आणि वेष्टने सारी एसटीतून आलेली नसतात, हे कोणीही तेथे जाऊन पाहावे. अस्वच्छता हा दारिद्र्याचा गुणधर्म नव्हे, तो बेपर्वाईचा आहे, आणि ती सर्व थरांत सारखीच वाटली गेली आहे.

दुसरा आक्षेप असा, की असा प्रवासी गावाला काहीच देत नाही. हाही हिशेब अपुरा आहे. तो खानावळीत जेवतो, टपरीवर चहा घेतो, साताऱ्याहून पावशेर कंदी पेढे आणि सांगलीहून भडंगाचा पुडा घरी नेतो. त्याचा रुपया लहान असतो, पण तो गावातील लहान माणसाच्याच हातात पडतो. मोठ्या विश्रामधामात उतरणाऱ्याचा मोठा पैसा तेथेच राहतो, किंवा परगावी निघून जातो. दोन्ही प्रकारचे पाहुणे यावेत. परंतु एकासाठी लाल गालिचा अंथरताना दुसऱ्याच्या पायाखालची पायवाट उखडली जाऊ नये.

थोडक्यात भागणाऱ्या गोष्टी

करावयाचे ते फार खर्चाचे नाही. रविवारी आणि सुट्ट्यांच्या दिवशी तरी सातारा-माहुली-लिंब-वाई-मेणवली आणि सांगली-हरिपूर-मिरज अशा साखळीने एसटीच्या किंवा शहरसेवेच्या गाड्या ठरलेल्या वेळी सोडाव्यात, आणि शेवटच्या गाडीची वेळ प्रत्येक स्थळी ठळक अक्षरांत लिहावी. सातारा आणि औंध येथील संग्रहालये आठवड्यातून एक संध्याकाळ तरी दिवे लागल्यावरही उघडी असावीत. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांतून आणि वसतिगृहांतून माफक दरात मुक्कामाची सोय करता येईल. जुन्या धर्मशाळांचे काम यापेक्षा वेगळे काय होते? पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह यांवाचून कोणत्याही स्थळाला पर्यटनस्थळ म्हणण्याची परवानगीच असू नये. नाट्यगृहांना नगरसंस्था पैसा देतात, तेव्हा मागच्या काही रांगा विद्यार्थ्यांसाठी नाममात्र दरात राखून ठेवण्याची अट त्यांनी घालावी. अप्पासाहेबांनी एकट्याने जे केले, ते एवढ्या मोठ्या नगरांना मिळून करता येऊ नये काय?

शाळांचीही जबाबदारी आहे. अलीकडे कित्येक शाळांच्या सहली जलक्रीडेच्या उद्यानांकडे वळतात. त्यांची वर्गणी भरणे ज्यांना जमत नाही, ती मुले त्या दिवशी घरी राहतात. आपण गरीब आहोत हे मुलाला प्रथम कळते ते बहुधा अशाच दिवशी. त्याच वर्गाला एसटीच्या सवलतीत औंधला नेले, तर कोणीही मागे राहणार नाही. चित्र पाहण्याची सवय एकदा डोळ्यांना लागली, की ती जन्मभर पुरते, आणि तिला पुढे कधीही वर्गणी पडत नाही.

लंडनची वाघनखे कायमची आलेली नव्हती, ठराविक मुदतीसाठी उसनी आणलेली होती. अजिंक्यतारा, माहुलीचा घाट, हरिपूरचा संगम आणि मिरजेचा सूर हे कोणाकडून उसने आणलेले नाही. ते येथेच आहेत आणि येथेच राहणार आहेत. ते ज्यांनी घडविले, त्यांनी पाहणाऱ्याचा खिसा चाचपला नव्हता. त्यांच्या वारसांनी तो चाचपू नये, आणि शेवटच्या गाडीची वेळ तेवढी सांभाळावी, एवढीच या पाहुण्याची मागणी आहे.